कोऱ्या पानांची शिवण

१

पुस्तक बाहेरून जसंच्या तसं होतं. तपकिरी चामड्याचा पुठ्ठा, कण्यावरची झिजलेली सोनेरी अक्षरं, खालच्या कोपऱ्यात उंदराने कुरतडल्याची जुनी खूण. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकबाईंनी ते वाचनकक्षात मागवलं, हात पुसून समोर घेतलं, उघडलं आणि मान वर न करताच ग्रंथपालबाईंना हाक मारली.

"बाई, ही काय थट्टा आहे?"

आत बेचाळीस चित्रं असायला हवी होती. दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी एकेक रोप समोर ठेवून हाताने रंगवलेली. या पुस्तकाची दुसरी प्रत कुठेही नाही. आत होती कोरी पानं. जाडी तीच, वजन तेच, शिवण उत्तम. चित्र एकही नाही.

ग्रंथालयात पुस्तकं बांधणारे दोघे होते. सगळे त्यांना थोरले आणि धाकटे म्हणत. धाकटे म्हणजे पंचेचाळीस वर्षांचे, मिशीत पांढरं शिरलेले गृहस्थ; पण थोरले बसले होते तोवर त्यांची बढती व्हायची नव्हती. संचालकांनी आधी धाकट्यांना बोलावलं. त्यांनी भिंगातून शिवण पाहिली आणि बराच वेळ भिंग खाली ठेवलं नाही.

"शिवण अण्णांची आहे," ते म्हणाले. "गाठ मारून टोक आत दडवायची ही त्यांचीच रीत. खोटं कसं बोलू?"

मग थोरल्यांना, म्हणजे अण्णांना, बोलावलं. त्यांनी कण्यावरून बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"माझीच. बरी उतरलीय की!"

"कधी केलीत?" संचालकांनी विचारलं.

"ते काही आठवत नाही बुवा."

"आतली चित्रं कुठे आहेत?"

"कुठली चित्रं?"

ते खरं बोलत होते. चार वर्षांपूर्वी त्यांना मेंदूज्वर झाला. तेव्हापासून दहा मिनिटांपूर्वी घडलेलंही त्यांना आठवत नव्हतं.

२

रुग्णालयात मी स्मरणशक्तीच्या चाचण्या घेते. चोऱ्या शोधणं माझं काम नाही. पण थोरल्यांना दर सहा महिन्यांनी मीच तपासत आले आहे, म्हणून त्यांची मुलगी त्यांना घेऊन माझ्याकडे आली. ती चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासते. नेहमी नीटनेटकी असते. त्या दिवशी तिच्या स्वतःच्या चष्म्यावर बोटांचे ठसे होते.

"ताई, संचालक म्हणतात, अण्णांनी भ्रमात काहीतरी केलं. खरी पानं कातरणाच्या टोपलीतून कचऱ्यात गेली असतील. शनिवारपर्यंत उलगडा झाला नाही तर अण्णांचं टेबल बंद."

"आणि मग?"

"मग घरी." तिने दाराकडे पाहिलं. अण्णा बाहेर बाकावर बसले होते. "घरी रिकामे बसले की दर थोड्या वेळाने विचारतात, तुझी आई कुठंय? आईला जाऊन दोन वर्षं झाली. मी दर वेळी सांगायचं, त्यांनी दर वेळी पहिल्यांदाच ऐकायचं. रविवार कसा जातो ते मलाच ठाऊक. हातात सुई असली की मात्र एकदाही विचारत नाहीत."

मी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

"संचालक ओरडले त्या दिवशी," ती पुढे म्हणाली, "अण्णा ते दहा मिनिटांत विसरले. पण संध्याकाळपर्यंत एका जागी बसले नाहीत. सारखं विचारत होते, 'माझं काही चुकलं का गं?' काय ओरडले ते विसरले, आणि भीती कशी राहिली हो?"

"कारण आठवण म्हणजे एकच एक गोष्ट नाही," मी म्हणाले. "तुला सायकल येते?"

"येते."

"सायकलला दोन चाकं असतात, हे तुला माहीत आहे. ते कुठे, कधी कळलं ते सांगता येणार नाही, आणि त्याची गरजही नाही. पहिल्यांदा पडलीस तो दिवस आठवतो?"

"चांगलाच. गुडघा फुटला होता. भाऊ हसत होता."

"तो प्रसंग. त्याला जागा आहे, वेळ आहे, हसणारा भाऊ आहे. आणि तोल सांभाळणं, हे तिसरंच. ते तुला शब्दांत सांगताही येणार नाही, पण अंगाला येतं. अण्णांची नवे प्रसंग साठवायची जागा गेली. नवी माहितीही जवळजवळ टिकत नाही. पण अंग अजून शिकतं. मागे मी त्यांना आरशात बघून चांदणी गिरवायला दिली होती. तीन दिवस रोज. तिसऱ्या दिवशी म्हणाले, हा खेळ मी कधी पाहिलेला नाही. आणि एकदाही रेष न चुकवता गिरवून दिली."

मी अण्णांना आत बोलावलं. माझ्या दाराला जाड निळा पडदा आहे. त्यांनी तो बाजूला केला, मान खाली घालून जवळजवळ वाकूनच आत आले आणि नमस्कार केला. दार सात फूट उंच आहे. म्हाताऱ्या माणसाची अदब, असं मला वाटलं.

"बसा अण्णा. ओळखलंत?"

"नाही. पण तुम्ही सुई टोचणाऱ्या नाहीत, एवढं वाटतंय."

मुलगी हसली. तिने सांगितलं, "पडदा दिसला की हल्ली असेच वाकतात. परवा कपड्यांच्या दुकानात, घालून बघायच्या खोलीच्या पडद्यापाशीसुद्धा. तिथली मुलगी म्हणाली, आजोबा, मी काही देव नाही."

मी हसले, आणि ते तेवढ्यावरच सोडून दिलं. ती माझी चूक होती.

"असं पुस्तक बांधायला किती दिवस लागतात?" मी अण्णांनाच विचारलं. हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरुणपणी कमावलेलं ज्ञान आजाराने नेलं नव्हतं.

"जुना पुठ्ठा नव्या पानांवर चढवायचा? खळ वाळायला वेळ दिला तर पंधरा दिवस. घाई केली तर कणा फुटतो."

पंधरा दिवस! काल काय केलं ते ज्याला आज ठाऊक नाही, असा माणूस पंधरा दिवसांचं काम एकट्याने तडीस नेऊच शकत नाही. रोज सकाळी पुढची पायरी त्याला कुणीतरी सांगत होतं.

३

"तुम्ही पोलीस आहात का?" संचालकांनी विचारलं.

"नाही. पोलीस आठवणाऱ्यांच्या साक्षी घेतात. मला विसरणाऱ्यांची घ्यायची आहे."

"घ्या. पण शनिवारपर्यंतच. आणि एक लक्षात ठेवा, मुलीने सांगितलं तर बाप काहीही करेल." मुलगी शेजारीच उभी होती.

पुस्तकं बांधायची खोली तळमजल्यावर होती. खळीचा आंबूस वास, कातरणाची टोपली, लोखंडी दाबयंत्र, दोन टेबलं. अण्णांच्या टेबलासमोर भिंतीवर खिळा आणि खिळ्याला चिठ्ठ्यांचा गठ्ठा. वरची चिठ्ठी अशी: 'काल: पानांच्या घड्या झाल्या. आज: शिवण, पहिल्या चार जुड्या.' खाली अण्णांची सही.

"या चिठ्ठ्या कोण लिहितं?"

"मीच," धाकटे म्हणाले. "रोज सकाळी. चिठ्ठीशिवाय अण्णांचं पान हलत नाही. सकाळी दहाला त्यांना घरून मी आणतो, पाचला मीच सोडतो. चार वर्षं झाली."

हे ते बढाई म्हणून सांगत नव्हते. अण्णांचा चष्मा खाली सरकला तेव्हा बोलता बोलता त्यांनी तो सहज वर सरकवला.

"वनस्पतींचं पुस्तक दुरुस्तीला कधी आलं होतं?"

"तीन महिन्यांपूर्वी. कणा सुटला होता. दोनचार दिवसांचं काम. मग रंगकाम निघालं आणि तीन आठवडे ही खोली बंद राहिली. पुस्तक आधीच तयार होतं, ते या कपाटात ठेवलं. एकोणीस तारखेला ग्रंथपालबाईंना परत दिलं. सही आहे त्यांची."

"त्या तीन आठवड्यांत अण्णा घरी होते?"

"छे! घरी बसवून चालत नाही त्यांना. मी रोज दहाला घेऊन जायचो, नदीकाठच्या बागेत. तिथे एका बाकावर बसायचो दोघे. पाचला परत." त्यांनी मुलीकडे पाहिलं. "विचारा हिला."

मुलीने मान डोलावली. "रोज न्यायचे. पैसेसुद्धा घेतले नाहीत रिक्षाचे. फक्त त्या दिवसांत अण्णांच्या कपाळाला दोनतीनदा टेंगूळ आलं होतं. एकाच जागी."

"फांदी," धाकटे म्हणाले. "बाकाजवळ फांदी आहे एक. लक्षात राहत नाही त्यांच्या."

अण्णा शिवत होते. सुई आत, बाहेर, आत. त्यांचा चेहरा शांत होता. इथे या क्षणी त्यांना काहीही विचारलं असतं तर ते कुठे आहेत आणि कोण आहेत हे त्यांनी बिनचूक सांगितलं असतं.

"आणि परत आल्यावर पुस्तक बदलायची संधी कुणाला होती?" मी विचारलं.

धाकट्यांनी सुस्कारा टाकला. "दुर्मीळ कपाटातल्या पुस्तकांच्या चामड्याला तेल लावायला दर शनिवारी अण्णाच जातात. एकटे. आणि पुस्तक परत घेताना बाईंनी चित्रं मोजलीत. बेचाळीसच्या बेचाळीस. आता तुम्हीच बघा."

चित्रं मोजून घेतली असतील तर सगळे रस्ते अण्णांपाशीच येऊन थांबत होते.

४

ग्रंथपालबाईंची स्मरणशक्ती गावभर प्रसिद्ध होती. सतरा हजार पुस्तकांचे क्रमांक त्यांना तोंडपाठ होते. मी तीन विचारले, तिन्ही बरोबर निघाले, आणि त्यांनी मला चौथा स्वतःहून सांगितला.

"चित्रं तुम्ही स्वतः मोजलीत?"

"अहो, दुर्मीळ पुस्तक मी न मोजता घेतच नाही. तीस वर्षांत एकदाही नाही."

"त्या दिवशीचं सांगा."

"हे माझं टेबल, खिडकीजवळचं. पुस्तक पुढ्यात ठेवलं. डाव्या हाताने पान, उजव्या हाताने सुट्या कागदावर पेन्सिलीचा ठिपका. बेचाळीस ठिपके. मग सही."

"बाहेर काय दिसत होतं?"

"समोरचं झाड. दुसरं काय दिसणार?"

"पुस्तक कुणी आणलं?"

"धाकट्यांनी. तेच आणतात."

"ते उभे होते की बसले?"

त्या थांबल्या. "उभे... नाही, बसले असतील. बसतात ते या खुर्चीत."

सगळी उत्तरं चटकन आली होती आणि सगळी गुळगुळीत होती. खऱ्या प्रसंगाला कुठेतरी खडा लागतो: कुणीतरी शिंकतं, पेन चालत नाही. यांच्या सांगण्यात तीस वर्षांतला कुठलाही दिवस बसला असता.

मी शिपायाकडून रंगकामाची वही मागवून ठेवली होती. ती त्यांच्यापुढे उघडली. "कार्यालयातली टेबलं व्हरांड्यात काढली, तारीख दोन. टेबलं परत लावली, तारीख तेवीस. पुस्तक आलं एकोणीसला. त्या दिवशी हे टेबल इथे नव्हतं, बाई. ही खिडकीही कागद लावून बंद केली होती."

त्यांनी वही दोनदा वाचली. मग ताठ झाल्या.

"म्हणजे मी खोटं बोलले?"

"मुळीच नाही. तुम्ही काय करता, हे तुम्ही सांगितलंत. ते अगदी खरं आहे. त्या दिवशी काय झालं, ते तुम्ही सांगितलं नाहीत. तुम्हाला इतकं पक्कं माहीत आहे, की आठवून बघायची वेळच कधी आली नाही."

बाहेर कुणीतरी पुस्तकांची गाडी ढकलत गेलं. मग बाईंनी उजव्या हाताची बोटं एकमेकांवर घासली आणि त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

"चिकट," त्या हळूच म्हणाल्या. "माझी बोटं चिकटली होती. दरवाजाचा रंग ओला होता, मी धरला. व्हरांड्यात रंगाच्या डब्यावर रजिस्टर टेकवून सही केली मी. पुस्तकाला रंग लागेल म्हणून..." त्यांचा आवाज बारीक झाला. "म्हणून हात लावला नाही. धाकट्यांनाच म्हटलं, तुम्हीच ठेवा कपाटात. आठवतंय, रजिस्टरवर माझ्या अंगठ्याचा हिरवा डाग पडला होता."

रजिस्टर काढलं. एकोणीस तारखेपाशी हिरवा अंगठा होता.

"मी उघडलंच नाही पुस्तक," बाई म्हणाल्या. "तीस वर्षांत पहिल्यांदा."

म्हणजे एकोणीस तारखेला जे कपाटात गेलं, ते आधीच कोरं असू शकत होतं. मग ते रंगकामाच्या दिवसांतच बांधलं गेलं असणार. खोलीला कुलूप होतं आणि अण्णा म्हणे बागेत बसले होते त्या दिवसांत. धाकट्यांनी बागेचं सांगितलं होतं. ते खोटं ठरवू शकेल असा एकच साक्षीदार होता, आणि त्याला काही आठवत नव्हतं.

घरी आल्यावर मी दारातून आत शिरताना थबकले. पडदा, वाकणं, एकाच जागचं टेंगूळ. तीन गोष्टी मी तीन वेगळ्या कप्प्यांत ठेवल्या होत्या.

५

शनिवारी सकाळी आम्ही चौघे बागेत गेलो: अण्णा, मुलगी, धाकटे आणि मी. सोबत संचालकही आले, घड्याळ बघत.

फाटकातून आत गेल्यावर वाट दोन ठिकाणी फुटते. अण्णांना मी पुढे चालू दिलं. पहिल्याच फाट्यावर ते थांबले.

"कुठं जायचंय आपल्याला?"

"तुम्हाला वाटेल तिकडे."

ते तसेच उभे राहिले. तीन आठवडे रोज चाललेल्या वाटेवर पाय असे थांबत नाहीत. धाकट्यांनी आम्हाला बाकापाशी नेलं. माथ्यावर उंच झाडं होती. हात वर करूनही फांदी हाताला लागली नसती.

"छाटली असेल," धाकटे म्हणाले.

"असेल," मी म्हणाले. "इथून तुमचं घर जवळच आहे ना? अण्णांना पाणी हवंय."

"घर... पसारा आहे हो."

"पसाऱ्याला कोण घाबरतं? अण्णा कधी आलेत तुमच्याकडे?"

"कधीच नाही. मागच्याच वर्षी राहायला गेलो. त्यांचं आजारपण त्याच्या कितीतरी आधीचं."

"मग बघतील नवं घर," संचालक म्हणाले आणि चालू लागले. त्यांना पायही मोकळे करायचे होते.

दोन खोल्यांचं घर होतं. धाकटे एकटे राहत. बाहेरच्या खोलीत पलंग, स्टोव्ह, पुस्तकांची फळी. आतल्या खोलीच्या दाराला जाड पडदा, तोही निळाच.

"कुणाचं घर हे?" अण्णांनी विचारलं.

"माझं," धाकटे म्हणाले.

"छान आहे हो. पहिल्यांदाच आलो."

मी सगळ्यांना गप्प राहायची खूण केली. अण्णा क्षणभर उभे राहिले. मग काम करायच्या वेळी करतात तशा त्यांनी बाह्या वर सारल्या आणि सरळ त्या पडद्याकडे निघाले. पडदा बाजूला केला, मान खोल वाकवली आणि आत गेले. त्यांच्या मागोमाग निघालेल्या संचालकांचं डोकं पडद्याआडच्या बुटक्या लाकडी चौकटीवर खाडकन आदळलं.

आत अंधार होता. दिव्याचं बटण दाराजवळ नव्हतं. अण्णांचा डावा हात कपाटामागे गेला, चाचपडला नाही, आणि खट्ट आवाज झाला.

दिवा लागला. समोर टेबल, त्यावर शिवणाची चौकट, भिंतीवर एक खिळा. त्याला आता चिठ्ठी नव्हती.

"अण्णा," मुलीने विचारलं, "तुम्ही इथे आला होतात?"

"नाही गं," ते म्हणाले आणि टेबलापाशी बसले. त्यांचा हात न बघता खालच्या खणात गेला आणि सुई घेऊन वर आला. "का?"

एकदा डोकं आपटून अंगाला चौकट कळत नाही, निदान अण्णांच्या तरी नाही. ती कळायला दिवस लागतात. पंधरा, अठरा. संचालक कपाळ धरून उभे होते.

बाहेर धाकटे पलंगावर बसले होते. "फांदी नव्हती," ते म्हणाले. "रोज सांगायचो, अण्णा, डोकं सांभाळा. नंतर सांगावं लागलं नाही."

६

खरं पुस्तक त्यांनी पलंगाखालच्या पेटीतून काढलं. चादरीत गुंडाळलेलं. बेचाळीसच्या बेचाळीस चित्रं त्यात होती. फक्त ती एकमेकांना घट्ट चिकटली होती. विटेसारखा ठोकळा.

"जुनी खळ सुटावी म्हणून कणा ओला केला," ते सांगू लागले. "चित्रांमध्ये मेणकागद घालायचा असतो. घालायचा राहिला. दाबयंत्रात घातलं, आवळलं. दोन दिवस सुट्टी होती. परत येऊन बघतो तर ओल आतपर्यंत गेलेली. हे रंग डिंकातले. सगळे धरले एकमेकांना." त्यांनी हात मांडीवर घासले. "नवशिक्यानेही करू नये ते केलं मी. वाटलं, पुस्तक वर्षानुवर्षं कुणी मागत नाही. तोवर एकेक पान सोडवू. एकही सुटलं नाही, फाटायला लागलं."

"आणि पुठ्ठा अण्णांकडून चढवून घेतलात."

"माझा हात तेवढा नाही. माझी शिवण बाईंनी लांबूनही ओळखली असती."

"चोरी नाही म्हणता," संचालक म्हणाले, "पण आळ या माणसावर येतोय, हे दिसत होतं ना तुम्हाला?"

धाकट्यांनी खाली पाहत उत्तर दिलं. "वाटलं, त्यांना काय, विसरतील. माझी नोकरी गेली तर मला रोज आठवणार. त्यांना ओरडा खाल्लेलाही आठवणार नाही."

मी सांगणार होते, पण मुलगीच पुढे झाली.

"ओरडा विसरले ते. रात्री जेवताना घास हातातून खाली पडत होता. 'माझं काही चुकलं का?' असं मला चौदा वेळा विचारलं. मी मोजलंय, काका. कशामुळे घाबरलोय ते ठाऊक नाही आणि घाबरलोय, यापेक्षा आठवलेलं बरं."

ती त्यांना काका म्हणते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

अण्णा आतून बाहेर आले. चौकटीखाली वाकले. त्यांची नजर पेटीवरच्या ठोकळ्यावर गेली आणि ते एकदम वेगळेच माणूस झाले. खाली बसून त्यांनी पुस्तकाची कड नखाने चाचपली, नाकाजवळ नेली.

"डिंकाचे रंग. कुणी केलं हे?"

धाकटे पलंगावरून उठले.

"मी," धाकटे म्हणाले.

"मेणकागद घालायला शिकवलं नाही तुला कुणी?"

"तुम्हीच शिकवलं होतंत."

"मग?" अण्णांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. "गाढवा, माझ्याकडे लगेच का आणलं नाहीस? ओलीने धरलंय, ओलीनेच सुटेल. पाणी नाही, वाफ नाही, नुसती दमट हवा. बंद पेटी, ओलं फडकं, आणि घाई नाही. दिवसाला एक पान."

धाकट्यांनी तोंड दोन्ही हातांत लपवलं. तीन महिने ते ही चूक ज्याच्यापासून लपवत होते, तो ती दुरुस्त करू शकणारा एकमेव माणूस होता. आणि सांगितली असती तर संध्याकाळपर्यंत विसरलाही असता.

७

अण्णांचं टेबल राहिलं. संचालकांनी तसं त्याच दिवशी लिहून दिलं, कपाळावरची सूज उतरायच्या आत. धाकट्यांचं काय करायचं, ते पानं सुटेपर्यंत लांबणीवर टाकलं. ग्रंथपालबाईंनी आपणहून एक अर्ज दिला: यापुढे चित्रं मोजताना ठिपक्यांखाली तारीख आणि जागा लिहीन.

मुलीने मात्र एक अट घातली. "चिठ्ठीवर काम लिहा. हे कुणी केलं, ते लिहायचं नाही. अण्णा रोज विचारतील. रोज तुम्ही तोंडाने सांगायचं."

धाकट्यांनी मान डोलावली. बेचाळीस चित्रं, म्हणजे बेचाळीस सकाळी.

मी आठवड्यातून एकदा जाऊन बसत असे. पहिल्या आठवड्यात अण्णा चिठ्ठी वाचायचे, पेटी उघडायचे, ठोकळा बघून भडकायचे. "कुणी केलं हे?" "मी." "मेणकागद घालायला शिकवलं नाही तुला कुणी?" धाकटे पुढचं उत्तर देईपर्यंत घामाघूम व्हायचे. दुसऱ्या आठवड्यातही शब्द तेच होते. अण्णांना तो राग रोज नवा होता. धाकट्यांना ती लाज रोज जुनी होत होती, पण कमी होत नव्हती.

मग दोघे शेजारी बसायचे. अण्णा पातळ पट्टी कडेखाली सरकवायचे, थांबायचे, श्वास रोखायचे. "आता तू." धाकट्यांचा हात आधी फार घाई करायचा. विसाव्या पानापर्यंत तो थांबायला शिकला. काही चित्रांचा थोडा रंग समोरच्या पानाला लागून राहिला. एका नेच्याची सावली कायमची एका कमळावर पडली आहे. पण सुटली सगळी.

एकतिसाव्या सकाळी मी वही घेऊन कोपऱ्यात बसले होते. अण्णांनी चिठ्ठी वाचली. पेटी उघडली. ठोकळा आता निम्म्याहून बारीक झाला होता, पण त्यांच्यासाठी तो पहिल्यांदाच दिसत होता.

"कुणी केलं हे?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेलाच होता.

धाकटे दाराशी उभे होते. त्यांनी अजून तोंड उघडलं नव्हतं. अण्णांची नजर पुस्तकावर होती आणि त्यांचा डावा हात टेबलाखाली गेला. त्याने दुसरं स्टूल ओढून आपल्या स्टुलाला लावलं आणि त्यावरची धूळ तळव्याने पुसली.

"मी," धाकटे म्हणाले.

अण्णांनी चमकून वर पाहिलं. "मेणकागद घालायला शिकवलं नाही तुला कुणी?"

धाकटे जाऊन त्या स्टुलावर बसले. मी वहीत नोंद केली: दहा वाजून चार मिनिटं. स्टूल आधी सरकलं. उत्तर नंतर आलं.